अंतू बर्वा माणूस, कौतिक मात्र प्रश्न

कथा-कादंबऱ्यांतलं कोण मित्र म्हणून आवडेल, असा विषय मराठी वाचकांच्या घोळक्यात निघू द्या. कोणती नावं येणार ते आधीच सांगता येतं. लग्नघरातला नारायण येणार. रत्नागिरीच्या मधल्या आळीतला अंतू बर्वा येणार. चिमणराव येणार आणि त्यांच्यामागोमाग दणकट गुंड्याभाऊ. फुरसुंगीचा फास्टर फेणे सायकल दामटत, ‘ट्टॉक’ करत येणार. मंडळी जरा गंभीर वळणाची असली तर लंपन, आणि कॉलेजात असताना आयुष्य फुकट गेल्यासारखं वाटलेला एखादा असला तर ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर. हा शेवटचा मित्र म्हणून खरं तर महागात पडेल, कारण बापाचे पैसे उधळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. पण ते असो.

ही सगळी मंडळी मलाही प्रिय आहेत. यातल्या एकालाही बाहेर काढा असं माझं म्हणणं नाही. मला खटकतं ते वेगळं. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली कौतिक या गप्पांत कधी येत नाही. हरिभाऊ आपट्यांची यमू येत नाही, तिची मैत्रीण दुर्गी तर नाहीच नाही. माडगूळकरांच्या बनगरवाडीतला आनंदा रामोशी येत नाही. ही पात्रं काही अडगळीत पडलेली नाहीत. ‘बनगरवाडी’ १९५५ ची, ‘धग’ १९६० ची. दोन्ही अजून विकत मिळतात, विद्यापीठांत शिकवल्या जातात, आणि मराठीतल्या चांगल्या कादंबऱ्या मोजायला कुणीही बसलं तरी मोजल्या जातात. आदर भरपूर आहे. चहाला मात्र कुणी बोलावत नाही.

याचं कारण पात्रांत नाही, आपल्या वाचण्यात आहे, असं माझं मत आहे. काही पात्रांना आपण माणूस म्हणून वाचतो आणि काहींना प्रश्न म्हणून. प्रश्नाबद्दल कळवळा येतो, प्रश्नावर परिसंवाद होतो, पण प्रश्नाच्या खांद्यावर हात टाकून कुणी हिंडत नाही. म्हणून ‘कोण मित्र म्हणून आवडेल’ हा वरवर पोरकट वाटणारा सवाल मला फार कामाचा वाटतो. एखादं पात्र आपण खरोखर वाचलं की त्याच्यावर शिक्का मारून मोकळे झालो, हे त्यातून लगेच कळतं.

आधी आपण मैत्री कशाला म्हणतो ते बघू. नारायण मित्र म्हणून हवा असं म्हणणाऱ्या बहुतेकांना खरं तर कार्य पार पाडून देणारा माणूस हवा असतो. साड्यांच्या खरेदीपासून वरातीपर्यंत सगळं बघेल, वर काही मागणार नाही आणि सगळं आटोपल्यावर आपोआप दिसेनासा होईल, असा. पुलंनी ते व्यक्तिचित्र लिहिलं ते नेमकं याच सवयीवर बोट ठेवून. लग्न होईपर्यंत साऱ्या घराला नारायण लागतो, नंतर त्याची आठवण कुणाला राहत नाही. आपण ते ऐकताना पोटभर हसतो, शेवटी जरा गलबलतो, आणि पुढच्या कार्याच्या वेळी पुन्हा म्हणतो, ‘एक नारायण पाहिजे होता यार.’ म्हणजे इतकं ऐकूनही आपण वधूपित्याच्याच बाजूला जाऊन बसलेलो असतो. नारायणाचा मित्र व्हायचं तर त्याला एकदा पंगतीत बसवून आग्रहाने वाढलं पाहिजे. तेवढं त्या लग्नातल्या कुणाला सुचलं नाही आणि आपल्यालाही सुचत नाही.

अंतू बर्व्याशी मैत्री तर त्याहून अवघड. तो समोरच्याला सोलून काढतो. तुम्ही पुण्या-मुंबईहून गेला असाल तर तुमच्या कपड्यांपासून तुमच्या देशभक्तीपर्यंत सगळ्याचं माप घेऊन मोकळा होईल. तरी आपल्याला तो हवासा वाटतो, कारण टोमण्यामागचं एकटेपण आपल्याला ऐकू येतं. खरं म्हणजे ते ऐकायची आपली तयारी असते. मनात आणलं तर अंतूशेटचाही प्रश्न करता येईल. मनिऑर्डरीवर चाललेलं कोकण, मुंबईने ओढून नेलेली कर्ती पिढी, मागे उरलेल्या म्हाताऱ्यांचं एकाकीपण, ओसरलेल्या दिवसांची कडवट चव, असं सगळं त्या व्यक्तिचित्रातून काढून दाखवता येईल. पण ‘कोकणातील उपेक्षित वृद्धांचे प्रातिनिधिक पात्र’ असं त्याला कुणी म्हटलं तर ऐकणारा हसेल. अंतू बर्वा हा अंतू बर्वा आहे, तो कुणाचा प्रतिनिधी वगैरे नाही, हे आपल्याला आपसूक कळतं.

लंपनचं उदाहरण याहून बोलकं आहे. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ १९९४ साली आलं. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा हा मुलगा बेळगावकडच्या मुलखातला आहे, आणि त्याच्या भोवतीची माणसं मराठीत कानडी मिसळून बोलतात. राज्य पुनर्रचनेपासून ज्या मुलखावरून मोर्चे निघाले, गोळीबार झाले आणि जो खटला अजून सर्वोच्च न्यायालयात आहे, तोच हा मुलूख. तरी लंपनला सीमाप्रश्न म्हणून कुणी वाचलं नाही. ते अगदी योग्य झालं. त्याचं ते ‘मॅडसारखं’ काहीतरी वाटणं, कुठल्याही गोष्टीला सत्तावीस वेळा म्हणणं, सुमीच्या नुसत्या चाहुलीने होणारी घालमेल, यांतच वाचक इतका रमला की ‘हा कुठल्या प्रश्नाचा प्रतिनिधी’ हे विचारायला कुणाला सवड झाली नाही. ताम्हणकरांचा गोट्याही पोरका. त्याच्यावरून अनाथ मुलांच्या संगोपनाची चर्चा करता आली असती. केली का कुणी? तो आपल्या घरातलाच एक होऊन गेला.

आता कौतिककडे या. वऱ्हाडातल्या शिंपी कुटुंबातली ही बाई. महादेवने, म्हणजे नवऱ्याने, शिलाईच्या धंद्यात स्वतःच्या पायावर उभं राहावं यासाठी तिची सारी धडपड. नवरा नाकर्ता, हातात पैसा नाही, पोरांचं शिक्षण, आजारपण, आणि या सगळ्यांतून न वाकणारा तिचा ताठा. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा गंभीर होतो. ‘हो, फार भयाण दारिद्र्य आहे त्यात,’ असं म्हणून तो विषय मिटवतो. परीक्षेत तिच्याबद्दल जे प्रश्न येतात त्यांचाही छाप ठरलेला आहे: कौतिक ही परिस्थितीशी झुंजणाऱ्या स्त्रीचे प्रतीक आहे, सोदाहरण स्पष्ट करा. विद्यार्थी स्पष्ट करतो, गुण मिळवतो, आणि कौतिकला कायमचा निरोप देतो.

पण ती प्रतीक म्हणून जगतच नाही. ती बोलते. तिच्या वऱ्हाडीला धार आहे, तिचा हिशेब पक्का आहे, आणि तिच्या मनात काय चाललंय ते ती फार वेळ दडवून ठेवत नाही. तिच्यात महत्त्वाकांक्षा आहे, ही तिच्याबद्दलची सगळ्यात रंजक गोष्ट. आपल्या माणसाने काहीतरी करून दाखवावं हा हट्ट, आणि त्याच्याच्याने ते होत नाही हे दिसत असूनही तो न सोडणं, हे ज्याने आपल्या घरी, नात्यात कधी पाहिलं नाही असा मराठी वाचक मला तरी सापडायचा आहे. मैत्रीण म्हणून ती सोपी नसेल. गेल्या गेल्या कमाई किती, पोरं काय शिकतात, हे विचारेल. आपण फुशारक्या मारल्या तर तिला लगेच कळेल. मदत देऊ केली तर अपमान वाटून घेईल. अंतू बर्व्याकडे जाताना आपण जो खमकेपणा गृहीत धरून जातो, तोच कौतिकच्या दारातही लागेल. मग अंतूशेटच्या तिरकसपणाला आपण स्वभाव म्हणतो आणि तिच्या ताठ्याला संघर्ष, असं का?

एक उत्तर कॅसेटमध्ये आहे. पुलंची माणसं पुस्तकात राहिली नाहीत. पुलंनी ती स्वतःच्या आवाजात सादर केली, त्यांच्या तबकड्या निघाल्या, मग कॅसेटी आल्या. अमेरिकेला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात भाजणीच्या डब्याबरोबर त्या कॅसेटीही गेल्या. सखाराम गटण्याचं ते पुस्तकी बोलणं, हरितात्यांचा तो इतिहासाचा कैफ, हे कित्येकांनी वाचण्याआधी ऐकलेलं आहे. चिमणराव सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर आले, दिलीप प्रभावळकरांचा चेहरा घेऊन. त्यानंतर चि. वि. जोशींचं पान उघडलं की दुसरा चेहरा दिसेना. गोट्याची मालिका झाली, फास्टर फेणेची झाली, पुढे २०१७ मध्ये त्याचा सिनेमाही आला. कानात आवाज बसला, डोळ्यांत चेहरा बसला, की पात्र ओळखीचं होतं आणि ओळखीतून मैत्री होते. कौतिकचा आवाज माझ्या परिचयातल्या एकाच्याही कानात नाही.

हे कारण खरं आहे, पण पुरतं नाही. लंपनची मालिका आली ती २०२४ मध्ये. तोवर तीस वर्षं वाचकांनी त्याला नुसत्या छापील अक्षरांतून मित्र केलेलंच होतं. उलट ‘बनगरवाडी’वर अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये चित्रपट केला, तरी आनंदा रामोशी कुणाच्या यादीत आला नाही. म्हणजे सगळं खापर माध्यमांवर फोडून चालणार नाही.

दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. आपल्याकडे पुस्तकावर पाटी लावायची घाई फार. ग्रामीण, दलित, आदिवासी, स्त्रीवादी. या पाट्या लागल्या त्यामागे लढाया आहेत, हे मला ठाऊक आहे. बाबुराव बागुलांची पिढी लिहायला लागली तेव्हा ‘हे साहित्यच नव्हे’ म्हणणारे होते. त्यांच्यापुढे स्वतंत्र नाव घेऊन उभं राहणं गरजेचं होतं, आणि त्या नावाने पुष्कळ काही मिळवलं. पण जी पाटी लेखकाने दार उघडायला वापरली, तीच वाचकाने दार लावून घ्यायला वापरली. ‘ग्रामीण’ म्हटलं की शहरी वाचक अभ्यासाच्या मनःस्थितीत जातो. पेन्सिल हातात घेऊन वाचायला बसतो. वास्तव समजून घ्यायचंय, असं तोंड करतो. पुलंकडे जाताना तो काही समजून घ्यायला जात नाही, भेटायला जातो. आणि गंमत म्हणजे त्यांच्या पुस्तकांवर तशी पाटीच नाही. ‘शहरी उच्चवर्णीय साहित्य’ असं कपाट मी एकाही ग्रंथालयात पाहिलेलं नाही. ज्यांच्यावर पाटी नाही ती पात्रं आपोआप ‘माणसं’ होतात, बाकीच्यांना आधी आपापल्या समाजाची ओळख करून द्यावी लागते.

यावर कुणी म्हणेल, पुलंच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’त नामू परीट आहे, बबडू आहे. ते कुठे पांढरपेशे? बरोबर. आणि नामूला कुणी परीट समाजाच्या समस्यांचं दर्शन म्हणून वाचत नाही, हेही खरं. गिऱ्हाइकाचेच कपडे अंगात घालून समोर उभा राहणारा लबाड नामू म्हणून तो आपल्याला आवडतो. म्हणजे हे जमतं. लेखकाने माणूस लिहिला आणि वाचकाने माणूस वाचला की जात, धंदा, गरिबी यांपैकी काही आड येत नाही. पण इथे एक गोष्ट नजरेआड करू नये. नामूला आपण पाहतो ते त्याच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीतून. तो बनवतो ते आपल्याला, आणि त्याला माफ करणारेही आपणच. नामूच्या घरी नामू कसा असेल, घाटावर इतर परिटांशी काय बोलत असेल, गिऱ्हाइकांना काय नावं ठेवत असेल, हे त्या चित्रात नाही. त्या पुस्तकात शीर्षकात नाव असलेली एक बाई नाही, हेही जाता जाता नोंदवायला हवं. १९६२ च्या पुस्तकाला मी त्याबद्दल दोष देत नाही. पण आपण आपले सगळे मित्र त्या एकाच पुस्तकातून आणत राहिलो तर आपल्या मित्रमंडळात बाई येणार कुठून?

बायकांचं तर वेगळंच. मराठी वाचकाच्या मनात बाईचं पात्र एकतर आई असतं, नाहीतर प्रेयसी, नाहीतर पीडित. श्यामच्या आईपुढे आपण हात जोडतो. ‘रणांगण’मधल्या हॅर्टाच्या प्रेमात तर पिढ्या पडल्या, ती कादंबरी १९३९ ची असूनही. मैत्रीण म्हणून मात्र कुणी सुचत नाही. वाचक बायकांनासुद्धा हा प्रश्न विचारला की फास्टर फेणे आठवतो, याचं मला जास्त वाईट वाटतं.

कळवळ्याइतकीच भक्तीही मैत्रीच्या आड येते, हे फकिराकडे पाहिलं की कळतं. अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ मराठीत अफाट वाचली गेली. दुष्काळात माणसं अन्नान्न करत मरत असताना धान्य आणि खजिना लुटणारा फकिरा लाखोंचा नायक झाला, आणि झाला ते न्यायाचंच झालं. ज्यांना पुस्तकांत कधी जागा नव्हती त्यांना असा पुरुष मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. पण नायकाला आपण घोड्यावरच बसवून ठेवतो. त्याच कादंबरीत गावच्या जोगणीसाठी, म्हणजे जत्रेच्या मानासाठी, जीव गमावणारा राणोजी आहे, मांगवाड्याच्या बाजूने उभे राहणारे शंकरराव पाटील आणि विष्णुपंत कुलकर्णी आहेत. जातीच्या भिंती शाबूत असलेल्या गावात ही माणसं एकमेकांशी कशी बोलतात, किती विश्वास टाकतात, कुठे थांबतात, हे अण्णाभाऊंनी लिहून ठेवलंय. मैत्रीबद्दल काही शिकायचं तर ती पानं वाचावीत. आपण जयंतीला फक्त घोडा आणि तलवार बघतो.

मग परक्या जगातल्या पात्राशी मैत्री व्हायची कशी? मराठीत याचं उत्तर कुणी दिलं असेल तर ते ‘बनगरवाडी’ने. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर कोवळा मास्तर बदलून येतो. त्याला वाडीबद्दल काही कळत नाही आणि वाडीला त्याच्या शाळेचं काही पडलेलं नाही. पोरं मेंढरांमागे गेलेली, शाळा ओस. तिथून पुढची सगळी कादंबरी म्हणजे या पोराची आणि वाडीची हळूहळू होत गेलेली ओळख आहे. आयबू त्याच्या सोबतीला येतो. भुरट्या चोऱ्या करणारा आनंदा रामोशी त्याच्याशी गप्पा मारू लागतो. गावचा म्हातारा कारभारी त्याला सांभाळून घेतो. मग एका चोळीवरून, म्हणजे कारभाऱ्याच्या पोरीसाठी शिवून आणलेल्या चोळीवरून, त्याच कारभाऱ्याच्या मनात किल्मिष येतं आणि म्हातारा तोंड फिरवतो. मास्तर काही गैर वागलेला नसतो. पण बाहेरून आलेल्या माणसाच्या चांगल्या हेतूला वाडीचे नियम ठाऊक नसतात, आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागते.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मास्तर वाडीचा अभ्यास करत नाही आणि उद्धारही करत नाही. गावाकडून तो तालीम बांधून घेतो खरी, ती बघायला राजासाहेबही येऊन जातात, पण पुढच्या दुष्काळात माणसं मेंढरं घेऊन पांगतात आणि वाडी रिकामी होते. तालीम वाडीला वाचवत नाही. मास्तरच्या पदरात पडतं ते एवढंच, की त्या माणसांनी त्याला आपल्यातला मानलं. आनंदा रामोशी मला मित्र म्हणून हवा, तो याच वाटेने. चोरी करतो म्हणून मी त्याला नामूसारखं हसून सोडणार नाही, आणि एका समाजावर ब्रिटिशांनी मारलेल्या गुन्हेगारीच्या शिक्क्याचा बळी एवढंच त्याला मानून त्याच्यापुढे मान खाली घालूनही बसणार नाही. तो शिक्का खराच होता, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासूनचा. तो इतिहास माहीत असायलाच हवा. पण आनंदा बोलतो तेव्हा इतिहास बोलत नाही, आनंदा बोलतो.

लोक म्हणतात, मैत्री काही ठरवून होत नाही. अमुक समाजातले इतके मित्र, तमुक प्रदेशातले तितके, असा कोटा लावून कुणी पात्रांवर प्रेम करतं का? मान्य. जबरदस्तीने होते ती मैत्रीच नव्हे. पण ‘आपोआप’ होते म्हणतो तीही तितकीशी आपोआप नसते. पुस्तक घरात कुणी आणलं, शाळेत कुणी वाचून दाखवलं, प्रवासात कुठली कॅसेट लागली, यांवर ती ठरते. तुमच्या घरात ‘धग’ नव्हती आणि ‘बटाट्याची चाळ’ होती, ही तुमची निवड नव्हती. त्यामुळे पुढच्या पिढीच्या घरात काय असावं हे ठरवायला काहीच हरकत नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. वऱ्हाडी, माणदेशी कळायला जड जाते, म्हणे. हे ऐकलं की मला राग येतो. नागपूर-अमरावतीच्या, लातूर-नांदेडच्या वाचकांनी समुद्रही पाहिलेला नसताना अंतू बर्व्याची रत्नागिरी बोली आत्मसात केली, त्यातले खवचट हेल ओळखले, त्यांवर हसायला शिकले. पुण्याचे पेठी टोमणे तर महाराष्ट्रभर पाठ आहेत. या वाचकांनी कधी तक्रार केली नाही की आम्हाला हे परकं वाटतं. मग पुण्या-मुंबईच्या वाचकाला कौतिकच्या बोलण्यात अडखळायला काय झालं? एवढंच कशाला, लंडनच्या धुक्यात घोडागाडीतून फिरणारा शेरलॉक होम्स मराठी वाचकाने शंभर वर्षं मित्र मानलाय. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेबरोबरच ज्युल व्हर्नच्या कथाही मराठी पोरांच्या हातात दिल्या आणि पोरं बिनदिक्कत पाणबुडीत जाऊन बसली. जो माणूस बेकर स्ट्रीटला जाऊ शकतो त्याला अमरावती लांब पडू नये.

तिसरा आक्षेप मला पटण्यासारखा वाटतो. वाचक दमून घरी येतो, त्याला दुःख नको असतं. मित्र हसवणारा हवा. यात चूक काही नाही, आणि हसू हे दुय्यम असंही मी म्हणणार नाही. फक्त एवढंच विचारतो, कौतिकच्या किंवा बनगरवाडीच्या जगात हसू नाही, हे तुम्ही वाचून ठरवलंत की पाटी बघून? धनगरांच्या गप्पांत, आयबूच्या भाबडेपणात, रामोशाच्या बतावणीत जो मिश्कीलपणा आहे तो माडगूळकरांनी कुठेही लपवलेला नाही. आपण तिथे दुःख शोधायला जातो म्हणून आपल्याला दुःख सापडतं.

आणि दुःखाची भीती म्हणाल तर यमू आणि दुर्गी यांच्याइतकी घट्ट मैत्री मराठी कादंबरीत क्वचितच असेल. ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही हरिभाऊंची कादंबरी, १८९० साली निघालेल्या ‘करमणूक’मध्ये क्रमशः आलेली. यमू स्वतःची हकिगत स्वतः सांगते. लहानपणीचं पुणं, आईचा आजार, लग्न, नवऱ्याने शिकवलेली अक्षरं, मुंबईतले सुखाचे थोडे दिवस, आणि मग वैधव्य, शंकरमामंजींचं घर, केशवपन. शेवट इतका भयंकर आहे की कादंबरीचं नाव निघालं की प्रत्येकाला तोच आठवतो, आणि यमू म्हणजे विधवांचा प्रश्न असं समीकरण पक्कं होतं. पण त्याआधी शेकडो पानं दोन मुली नुसत्या बोलत असतात. लग्न म्हणजे काय, सासर म्हणजे काय, कोण कसं वागलं, कुणाला काय म्हणाले. दुर्गी बोलायला धीट. तिचं सासर नरकासमान, नवरा मारकुटा, तरी मैत्रिणीजवळ मन मोकळं करायची तिची पद्धत अशी की वाचता वाचता आपण त्या दोघींच्या शेजारी जाऊन टेकतो. त्या काळात मी त्यांच्या घरी गेलो असतो तर ओसरीपुढे पाऊल टाकू दिलं नसतं. त्या दोघींचं बोलणं माझ्या कानावर पडणं अशक्य होतं. कादंबरीमुळे ते पडलं. हे भाग्य सोडून मी १८९० च्या दशकातल्या स्त्रियांच्या स्थितीवर टिपणं काढत बसलो, तर माझ्यासारखा करंटा मीच.

यासाठी करण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. अभ्यासक्रमात या कादंबऱ्या आहेतच, तिथे एखादा प्रश्न बदलता येईल. कौतिक कशाचं प्रतीक आहे, याऐवजी कौतिकशी तुमचं कशावरून भांडण होईल, असं विचारून बघावं. उत्तरं पाठ करून लिहिता येणार नाहीत, एवढं नक्की. ग्रंथालयांनी वर्गवारीसाठी काय हवं ते करावं, पण दर्शनी टेबलावर ‘दलित साहित्य विशेष’ आणि ‘विनोदी’ असे वेगळे ढीग लावायचं थांबवून एकदा सगळी पुस्तकं एकत्र ठेवावीत. अभिवाचनाचे कार्यक्रम हल्ली गावोगावी होतात. तिथे दरवर्षी तीच ती पाच व्यक्तिचित्रं होतात, कारण प्रेक्षक हमखास हसतात हे आयोजकांना माहीत असतं. तिथे एखाद्या वऱ्हाडी नटीच्या तोंडून कौतिक ऐकवा. माणदेशातल्या कुणाकडून आनंदा रामोशी वाचून घ्या, प्रमाण मराठीत सपाट करून नव्हे, जसा आहे तसा. ज्या आयोजकाला एकदम कौतिकपर्यंत जायचा धीर होत नसेल त्याने दुर्गीचं एखादं प्रकरण घ्यावं. सभागृहातल्या निम्म्या बायका दुसऱ्या पानाला एकमेकींकडे बघून हसायला लागतील, आणि निम्मे पुरुष अस्वस्थ होऊन घड्याळ बघतील.